कोलोचं व्हायोलिन

“व्हायोलिन त्याच्याबरोबर जाणार,” योलाना म्हणाली. “माझ्या सासऱ्याचं गेलं, नवऱ्याचं गेलं. नातवाचंही जाईल.”

नातू, कोलो, शवपेटीत होता. शवपेटी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली होती. घरात मयत होतं म्हणून आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला होता. कोलोच्या अंगात कार्यक्रमाचा पांढरा शर्ट होता. तो यंदा मनगटांना आखूड झाला होता. छातीत कफ भरला, ताप उतरेना, आणि दवाखान्याची गाडी चिखल बघून पुलाच्या पलीकडेच थांबली. योलानाने त्याला पाठीवर घेऊन पुलापर्यंत नेलं. पूल आला तेव्हा त्याने गळ्याभोवती टाकलेले हात सुटले होते.

मार्गिता दाराशी उभी होती. वस्तीतल्या रोमा जमातीच्या मुलांना ती वाजवायला शिकवायची. शाळा म्हणजे बंद पडलेल्या दुकानाची एक खोली. शहरात दारोदार फिरून तिने दोन व्हायोलिनं मिळवली होती. एकाच्या पोटाला चीर गेलेली, ती डिंकाने सांधलेली. ते वाजण्यापेक्षा खोकायचंच जास्त. दुसरं चांगलं होतं. ते कोलो वाजवायचा, आणि बाकीची पोरं काठीवर काठी घासून हात बसवत, आपली पाळी कधी येते याची वाट बघत. ते जमिनीत गेलं की शाळाही गेली, हे मार्गिताला कळत होतं. असल्या घटकेला आपल्याला हे सुचतंय, याची तिला लाजही वाटत होती.

तरी ती बोललीच. “मावशी, ते शाळेचं आहे. झानेता शिकेल त्याच्यावर. मग तिचे भाऊ…”

“बाई, तुम्ही पडलात शहरातल्या,” कोपऱ्यातून गेझा म्हणाला. तो कोलोचा मामा. शाळेत तो बास, म्हणजे माणसाएवढं उभं व्हायोलिन, वाजवायचा. “तुमच्याकडची मेलेली माणसं शहाण्यासारखी पडून राहत असतील. आमची नाही राहत. वस्तू मागे राहिली की ती शोधत परत येतात. माझा बाप तर नुसत्या टोपीसाठी महिनाभर येत होता. न्या तुम्ही व्हायोलिन, न्या खुशाल! पण इथलं एक पोर त्याला बोट लावायचं नाही. विचारा झानेताला.”

काठीवर शिकणाऱ्या पोरांतली झानेता भिंतीला चिकटून उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

 पुरलं तरी व्हायोलिन गेलं, ठेवलं तरी गेलं, मार्गिताच्या मनात आलं.

“सगळे बाहेर व्हा,” योलाना म्हणाली. “त्याचं सामान त्याला मी देते.”

बाहेर सगळे चिखलात उभे राहिले. गेझाने मार्गितापुढे सिगारेट धरली. “घ्या. रागावलो नाही मी तुमच्यावर. मी जगावर रागावलोय, तुम्ही नेमक्या मध्ये उभ्या होतात.”

दार उघडलं तेव्हा व्हायोलिनची काळी पेटी कोलोच्या कुशीत होती आणि त्याचा हात तिच्यावर होता. एकेक जण पुढे झाला, पेटीला बोट लावून बाजूला झाला. पोरंही आली. झानेताला तिच्या आईने उचलून धरलं. मार्गिताने बोट लावलं तेव्हा पेटी थंडगार लागली. मग गेझाने शवपेटीच्या झाकणाला खिळे ठोकले. कबरीपाशी तो बास वाजवत होता. मार्गिता चीर गेलेल्या व्हायोलिनवर त्याला साथ देत होती. ते शेवटपर्यंत खोकत राहिलं.

पुढच्या आठवड्यात मार्गिता शाळेची खोली रिकामी करायला आली. पोरं फिरकली नव्हती. तिने त्यांच्या काठ्या गोळा केल्या आणि शेगडीत सारल्या. चांगल्या वाळलेल्या होत्या, लगेच पेटल्या.

तेवढ्यात योलाना आत आली. तिच्या काखेत पिसांची उशी होती. उशी टेबलावर ठेवून तिने दातांनी शिवण उसवली आणि आत कोपरापर्यंत हात घातला. पिसं खोलीभर उडाली. त्यांच्यातून व्हायोलिन निघालं.

मार्गिताने ते हातात घेतलं. अवघड जागा आली की कोलो त्याचा काठ चावायचा आणि ती त्याला रागवायची. दातांच्या त्या खुणांवर आता बुटाचं काळं पॉलिश चोळलेलं होतं.

“शहरातून नवीन आलं म्हणून सांग,” योलाना म्हणाली. “जुनं मातीत गेलेलं सगळ्या वस्तीने बघितलंय. आता कोणी भ्यायचं नाही.”

“मग त्या पेटीत काय होतं?”

“सरपण.”

मार्गिताने तिचे दोन्ही हात धरले. “मावशी, या पोरांसाठी तुम्ही…” आणि मध्येच ती थांबली. वस्तू मागे राहिली की काय होतं, ते इथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आता तिलाही ठाऊक होतं. “पण मावशी, तो शोधत येईल ना?”

योलानाने आपले हात सोडवून घेतले. केसांत अडकलेलं पीस तसंच राहू देत ती कबरस्तानाकडच्या खिडकीपाशी गेली. हिवाळ्यासाठी चिकटवलेले कागद तिने फाडून काढले आणि खिडकी सताड उघडली.

“येऊ दे की,” ती म्हणाली. “पोरांना जोरात वाजवायला सांग. त्याला रस्ता सापडला पाहिजे.”