बिनविस्तवाची उकळी

कमलाबाई वाटी घेऊन बॅकयार्डात गेल्या आणि वेलीपाशी थबकल्या. शनिवारी त्या मुलीकडे रिचमंड हिलला निघाल्या तेव्हा कुंपण फुलांनी भरलेलं होतं. फिकट हिरवी, कागदासारखी पातळ फुलं, चुरडली की बोटांना पिवळी पूड लागायची आणि हात दिवसभर वास धरून ठेवायचा. आता वेलीवर नुसती पानं होती. अगदी टोकाला राहून गेलेलं एक फूल त्यांनी काठीनं खाली ओढलं, वाटीत ठेवलं आणि मुलाला, राजरत्नला, जाब विचारायला बेसमेंटच्या पायऱ्या उतरल्या.

मुलाकडे परदेशात आल्यापासून ही वेल त्यांनी उन्हाळाभर पाहिली होती. जूनमध्ये ती सकाळी कुंपणाच्या एका फळीवर असायची आणि संध्याकाळी पुढच्या. कमलाबाई खुर्ची टाकून तिच्यासमोर बसायच्या आणि नागपूरला फोनवर सांगायच्या की इथं एक वेल आहे, ती वाढताना दिसते. फुलं आल्यावर त्या रोज सकाळी ती बुद्धमूर्तीपुढे ठेवू लागल्या आणि मग पंचशील म्हणू लागल्या. ही हॉप्सची फुलं आहेत आणि ती बियरमध्ये घालतात, हे सांगायचा धीर राजरत्नला झाला नाही. वस्तीतल्या बायांना घेऊन दारूच्या भट्ट्यांवर जाऊन माठ फोडणारी, आख्ख्या उत्तर नागपुरात माठफोडी कमलाबाई म्हणून ओळखली जाणारी आई. तिला कोण सांगणार? बायको कल्याणी रोज म्हणायची, "जस्ट टेल हर." तो मान डोलवायचा आणि वेलीला पाणी घालायला निघून जायचा.

बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या बाजूला राजरत्न गुडघ्यांवर बसला होता. त्याच्यासमोर काचेची भली मोठी बरणी होती. आई घरी नाही हे साधून त्यानं आणि मित्र प्रतापनं शनिवारी फुलं तोडली होती, बार्लीच्या गोड काढ्यात उकळली होती आणि तो काढा थंड करून त्यात यीस्ट घातलं होतं. पायऱ्यांवर चपला वाजल्या तेव्हा बरणीवर टॉवेल टाकायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

कमलाबाई शेवटच्या पायरीवर थांबल्या. वास त्यांनी लगेच ओळखला. असल्या वासाचा माग काढत त्या आयुष्यभर गल्ल्या फिरल्या होत्या.

"आई, मी सांगणारच होतो तुले," राजरत्न म्हणाला. "एल आहे, म्हणजे बियरच. घरची. फक्त आमच्यापुरती."

कमलाबाई बरणीपाशी आल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या. राजरत्नला ते फुटलेले माठ आठवले. काच जाड होती, पण आईचा हातही काही लेचापेचा नव्हता.

बरणीत तपकिरी काढा घुसळत होता. तळातून ढगच्या ढग वर येत होते, काचेला घासून परत खाली बुडत होते. वर फेसाची जाड साय चढली होती आणि झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीतून एकेक बुडबुडा निघत होता. टुप्. टुप्. कमलाबाईंनी बरणीखाली पाहिलं, मागे पाहिलं, मग काचेला तळवा लावला.

"विस्तव नाही," त्या हळूच म्हणाल्या. "वायर नाही. कोन हलवते हे?"

"कोणीच नाही. यीस्ट आहे त्यात. साखर खाते, वाढते, एकाचे हजार होतात. जित्तं आहे ते, आई."

"जित्तं?"

"हो."

त्यांनी तळवा काढला नाही. नातवंडांच्या जन्मावेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे नवल दिसलं होतं, तेच राजरत्नला आत्ता काचेतल्या त्यांच्या प्रतिबिंबात दिसत होतं. तो आणखीच ओशाळला. उठून त्यानं बरणीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ती उचलून फरशीतल्या ड्रेनकडे न्यायला लागला. "राहू दे. तू इथं आहेस तोवर हे घरात नको. डम्प करून देतो."

"ठेव खाली."

"अगं, दारू न घेण्याचं पाचवं शील रोज म्हणतेस तू..."

"अन् जीव न मारायचं पहिलं कोन म्हणते?" कमलाबाई म्हणाल्या. "जित्तं आहे म्हणालास ना आत्ता? मग नालीत काहून ओततो?"

राजरत्ननं बरणी खाली ठेवली. ढवळलेला काढा क्षणभर गढूळला आणि पुन्हा आपल्या नादात फिरू लागला.

"मी थेंब घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तू बी माझ्यासमोर घेऊ नको."

"नाही घेत." तो त्यांच्या हातातल्या वाटीकडे बघत राहिला. "ते फूल पण आता मूर्तीपुढे नको ठेवू."

"काहून? फूल थोडंच दारू पेलं आहे?"

त्यांनी भिंतीशी पडलेली घडीची खुर्ची उघडली, बरणीसमोर मांडली आणि वाटी मांडीवर घेऊन बसल्या. जूनमध्ये वेलीसमोर बसायच्या तशाच.

"त्या माठातबी हेच होतं का?" त्यांनी विचारलं.

राजरत्नला खोटं बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला. "हेच."

"फोडले ते बरंच केलं. माणसं खाल्ली त्यायनं. अजूनबी फोडीन." त्या पुढे झुकल्या आणि काचेला कान लावला. "पण एवढे फोडले, अन् आत कधी वाकून पाह्यलं नाही."

वरून कल्याणीनं हाक मारली, चहा झाला होता. राजरत्न हात धरून त्यांना उठवायला गेला.

"इथंच आण," कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी कान काढला नाही.