चांदीसकट

"पोरीचे दागिने काढा," सिंधूताई म्हणाल्या.

रामदासपेठेतल्या बालदवाखान्यात या परिचारिका नव्याच आल्या होत्या. आधीच्या बाईची प्रयागबाईंना असे काही सांगण्याची छाती झाली नव्हती. त्यांची अकरा महिन्यांची नात चारुशीला सुनेच्या कडेवर होती. हातांत बिंदल्या, पायांत वाळे आणि तोडे, कमरेला करगोटा.

"काहून?" प्रयागबाईंनी विचारले. दवाखान्यात उतरवलेली चांदी परत मिळते ती वेगळीच, हे त्यांच्या कानांवर होते.

"वजन पोरीचं करायचं आहे, आजी. चांदीचं नाही."

प्रयागबाईंनी एकेक दागिना स्वतःच्या हाताने उतरवला आणि पदरात धरला. चारूला झोळीत घालून काट्याला टांगले. सुई थरथरली आणि थांबली. सिंधूताईंनी कार्डावर नवा ठिपका दिला. महिन्यामहिन्याला वर चढत आलेली रेषा त्या ठिपक्याला गाठायला एकदम खाली वळली.

"तुमचा काटा बिघडला आहे."

"सकाळपासून याच काट्यावर पोरं तोलून राहिली मी."

सून सुहासिनी जमिनीकडे पाहत होती. प्रयागबाईंनी तेही टिपले. या दोघींचे आधीच काही बोलणे झालेले असावे. पोरीला वरणभात सुरू करू, हा सुनेचा धोशा कित्येक दिवस चालला होता. पण उष्टावणाआधी अन्न नाही, आणि मामाने पहिला घास भरवल्याशिवाय उष्टावण नाही, असा घरचा रिवाज. मामा मौद्याला. बारशाला त्याने आणलेल्या झबल्याला प्रयागबाईंनी चारचौघांत नावे ठेवली, तेव्हापासून तो फिरकला नव्हता. त्याला आपण होऊन बोलावणे धाडणे प्रयागबाईंना माहीत नव्हते.

त्यांनी पदर पुढे केला. "हे टाका झोळीत. चांदी असून असून किती असते, ते दिसू द्या साऱ्यांले."

चारूला उचलून सिंधूताईंनी दागिने झोळीत ओतले. सुई सरकली ती अर्ध्या किलोच्या पुढे जाऊन थांबली.

दर महिन्याला इथे येण्याआधी प्रयागबाई एक नवा दागिना घडवून घेत, नात चारचौघांत उठून दिसावी म्हणून. तोडे तर मागच्याच खेपेचे. त्यांनी कार्डावरची रेषा पुन्हा पाहिली. ती चढली होती इतवारीतल्या सोनाराकडे.

"खाते काय पोरगी?" सिंधूताईंनी सुनेला विचारले. सुहासिनीने सासूकडे पाहिले.

"दूध," प्रयागबाईच म्हणाल्या.

"अजून नुसतं दूधच?"

प्रयागबाईंनी चारूला आपल्या कडेवर घेतले आणि त्या बाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर कामठीकडची एक बाई आपल्या मुलाला डब्यातला कालवलेला वरणभात भरवत होती. प्रयागबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, एक घास हिलेही द्या."

त्या बाईने डबा जवळ ओढला. प्रयागबाईंच्या लुगड्याचे काठ पाहिले, मागे दारात उभी असलेली सून पाहिली.

"आमच्या हातचं?" ती म्हणाली. "मागून काही म्हणसान."

प्रयागबाईंनी नातीला तिच्या मांडीवर ठेवले आणि त्या उभ्याच राहिल्या.