होडीसाठी बंपर

“हा नको,” नारू म्हणाला. “हा नुसता शोभेचा.”

भाविकने हातातला चकचकीत बंपर खाली ठेवला. तलासरीत, हायवेला लागून असलेल्या दिपकच्या गॅरेजसमोर त्याची जुनी जीप मागून उघडीबोडकी उभी होती. बाप-लेक सकाळपासून बंपरच बघत होते.

“काका, ओढायचंय काय?” दिपकने विचारलं.

“होडी,” भाविक घाईने म्हणाला. “चिखल्याहून इकडे आणायचीय. तळाला फायबर मारून घ्यायचंय.”

फायबर मारायचं नव्हतं. होडी हायवेवरच्या नितीनभाईंच्या हॉटेलात जाणार होती. तिथे अंगणात ती उभी राहणार आणि येणारे-जाणारे तिच्यात बसून फोटो काढणार. नितीनभाई स्वतः चिखल्याला येऊन भाविकला विचारून गेले होते. भाविकने लगेच हो म्हटलं होतं. बापाला मात्र सांगितलं नव्हतं.

दुसरा इलाजच नव्हता. नारूची नजर अधू झाली होती. पावसाळ्याआधी तो एकटाच समुद्रात गेला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. भाविकने समजावलं, भांडण केलं, शेवटी इंजिन काढून घरात ठेवलं. तर नारू वल्ही घेऊन गेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भाविक गुडघाभर पाण्यात उभा राहून वाट बघत होता.

दिपकने दोन बंपर पुढे ओढले. “हा हलका. ट्रेलर अडकवायचा हूक बंपरच्या पत्र्यालाच आहे. आणि हा जड, पण याच्या हुकाची पट्टी थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसते. कडा वर उचललेल्या आहेत, म्हणजे वाळूत उतरताना रुतणार नाही.”

“हलका चालेल,” भाविक म्हणाला. एकाच फेरीचं तर काम होतं. पण हे बोलता येत नव्हतं.

“चालेल काय?” नारू म्हणाला. “चढाला होडी मागे खेचणार. पत्रा फाटला तर मागून येणाऱ्याच्या अंगावर जाईल. जड घे.”

“एवढा कशाला, बाबा?”

“घे म्हणतो ना.”

नारू खाली बसला. हुकाचा गोळा त्याने मुठीत धरून हलवून पाहिला, बोल्ट चाचपले. “खारं पाणी लागलं तर?”

“रंग पक्का आहे, काका. पण गोड्या पाण्याने धुवायचा.”

“आमच्याकडे सगळंच धुवावं लागतं,” नारू म्हणाला, आणि दिपक हसला.

भाविकला हसू आलं नाही. आपलीच होडी कायमची ओढून नेणारा हूक बाप एवढ्या काळजीने निवडत होता. त्याला बापाकडे बघवेना. तो रस्त्यावरचे ट्रक बघत राहिला.

रविवारी ओहोटीला शेजाऱ्यांनी हात लावला आणि होडी ट्रेलरवर चढली. जीप वाळूतून सहज वर आली. नारू पुढे भाविकच्या शेजारी बसला. घोलवड गेलं, कोसबाडचा चढ गेला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. भाविकने दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गिअर बदलला.

शेवटी हॉटेलच्या फाटकात त्याने गाडी थांबवली.

“बाबा, फायबर नाही मारायचं. होडी इथे दिली मी. तुम्हाला न विचारता दिली.”

नारूने दाराकडे हात नेला.

“शिव्या द्या पाहिजे तर. पण तुम्ही पुन्हा एकटे गेलात तर मी कुठे शोधू तुम्हाला?”

“बरं,” नारू म्हणाला आणि दार उघडून खाली उतरला.

एवढंच. भाविकला वाटलं, यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. तो मागे गेला, होडीच्या आडोशाला खाली बसला आणि हुकाची साखळी सोडू लागला. डोळे भरून आल्यामुळे त्याला कडी दिसत नव्हती.

तेवढ्यात पलीकडून चपलांचा आवाज आला, आणि पाठोपाठ नितीनभाईंचा दबका आवाज.

“या, नारूकाका. तुम्ही सांगितलं तसंच केलं बघा. ‘ती समोर असली की मला राहवत नाही, घेऊन जा, पण मी विकतोय म्हटलं तर पोराला वाटेल बाप खचला, म्हणून त्यालाच विचार’ असं तुम्ही म्हणाला होतात. आपलं बोलणं झालंय, हे अजून त्याला ठाऊक नाही.”