मासोळीचं नाव नको

एसटी दिघोरीला पोचायच्या आत रेवताबाईनं आपल्या एकुलत्या लेकाला पुन्हा बजावलं.

"मासोळीचं नाव काढशीन त माह्या गळ्याची आन हाये तुले."

"पन माय, ते झोपते तवा…"

"टेकचंद!"

टेकचंद खिडकीबाहेर पाहू लागला.

बापामागे तलावावर जायला लागल्यापासून त्याला एकच प्रश्न पडला होता. मासोळीला पापण्या नाहीत, मग ती झोपते केव्हा? लोकांना असले प्रश्न पडतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत विसरतात. टेकचंदचा प्रश्न त्याच्याबरोबर जेवायला बसे. जाळं फेकायचं सोडून तो पाण्याकडे पाहत राही. साकोलीच्या बाजारात गिऱ्हाइकाला विचारी, एसटीत कंडक्टरला विचारी. लाखांदूरच्या स्थळाकडे त्यानं मुलीच्या बापाला पोह्यांपासून सुपारीपर्यंत हेच विचारलं. वरठीवाल्यांनी तर मुलगी बाहेरच आणली नाही.

आता त्याची तिशी जवळ आली होती.

दिघोरीत मुलीचा बाप श्यामलाल यानं पाहुण्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. नवरदेवाचा मान म्हणून टेकचंदच्या थाळीत रोहूचं डोकं आलं. डोळा टक्क उघडा. त्यानं हळूच त्या डोळ्यावर भात लोटला.

जेवणं झाल्यावर श्यामलालची मुलगी शकुन समोर येऊन बसली. मान खाली घालायचं सोडून ती त्याच्याकडेच पाहत होती.

"तलावावर दिवसभर काय करता जी?" तिनं विचारलं.

"मासो…"

रेवताबाई खाकरली.

"काही नाही," टेकचंद म्हणाला.

"पाण्याकडे पाहत बसता म्हणे?"

"नाही."

"मंग मनात काही विचार त येत असन?"

टेकचंदनं आईकडे पाहिलं. "मी नाही करत विचार."

रेवताबाईनं समाधानानं पदर सावरला. शकुन उठून आत गेली. आत बराच वेळ कुजबुज चालली. मग श्यामलाल एकटाच बाहेर आला.

"बाई, राग नका धरू. पोरगी नाही म्हणते."

"काहून?" रेवताबाईचा आवाज चढला. "काय खोट हाये माह्या लेकात? एक वावगा शब्द काढला का त्यानं तोंडातून?"

"नाही जी. पोरगा चांगला हाये. चारचौघासारखाच हाये." श्यामलाल घुटमळला. "पन बाई, मासोळी कवा झोपते म्हणून साऱ्या बाजारात विचारत फिरते, तो तुमचा पोरगा कोणता? शकुननं त्याले बोलावलं होतं."