बंबापासून दादाच्या घरापर्यंत

वैनोने पाइपाचे दोन तुकडे अर्वोच्या टेबलावर, कॉफीच्या कपांच्या मधोमध ठेवले. त्याच्या बायकोने, हिल्माने, वेलदोड्याच्या गोड पावाची ताटली जरा बाजूला सरकवली.

"दादा, यातला कुठला घ्यायचा ते तूच सांग," ती म्हणाली. "याचं आठवडाभर नुसतं हा की तो चाललंय."

वैनोने नवा बंब आणला होता, खोपटाएवढा. घराबाहेर उभा करायचा, त्यात ओंडके पेटवायचे आणि तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपातून घरात खेळवायचं. आता जमीन गोठायच्या आत चर खणायला हवा होता.

हिल्माच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. तिचा हा थोरला भाऊ अर्वो शेतापलीकडे एकटा राहायचा आणि लाकडं फोडून शेगडी पेटती ठेवणं त्याला आता झेपत नव्हतं. ग्रीन बे शहरात राहणारा त्याचा मुलगा या हिवाळ्यात त्याला तिकडे घेऊन जायच्या गोष्टी करत होता. एकदा गेला की दादा परत यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिला तो इथेच हवा होता, त्याच्या सगळ्या कुरकुरीसकट. अडचण एकच: बायको गेल्यापासून त्याला कुणी काही दिलेलं चालत नसे. सल्ला विचारला की मात्र स्वारी खूश.

अर्वोने चष्मा पुसला आणि पहिला तुकडा हलवून पाहिला. जाड काळ्या नळीच्या आत, चंदेरी कागदात गुंडाळलेले दोन बारके पाइप खुळखुळले.

"हा खुळखुळा कुणी दिला तुला?"

"स्वस्त आहे," वैनो म्हणाला.

"असणारच. अरे, याला एक भोक पडलं की आत पाणी शिरतं. मग सगळा हिवाळा तू जमीन तापवत बसणार. शेजारच्या नीमीने हाच घातला होता, त्याचं काय झालं विसरलास? घरादारावर बर्फ आणि बंबापासून दारापर्यंत हिरवंगार गवत! हरणं येऊन उभी राहायची. त्याचं घर गार ते गारच."

"हरणं खूश होती पण," हिल्मा म्हणाली.

अर्वोने दुसरा तुकडा उचलला. याच्यात पाइपांभोवती फोम ओतून घट्ट बसवलेला होता, कुठे बोट शिरायला जागा नव्हती. त्याने तो टेबलावर आपटला, नखाने कोरून पाहिला आणि मायेने थोपटला.

"हा घे. महाग आहे, पण एकदाच खणायचंय. निदान लोक तरी हसणार नाहीत."

"बरं, हाच घेतो," वैनो म्हणाला आणि बायकोकडे बघू लागला. पुढचं बोलायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

"मग लांबी सांग," हिल्मा म्हणाली. "बंबापासून आमच्या घरापर्यंत. आणि तिथून इथपर्यंत."

अर्वोने तुकडा खाली ठेवला.

"इथपर्यंत कशाला?"

हिल्माने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मला थंडी वाजत नाही," अर्वो म्हणाला. "कधीच वाजली नाही. मुलालाही मी तेच सांगतो."

वैनो खाकरला. "तसं नाही रे. बंबच जरा मोठा झालाय. एका घराला पुरून उरतो. काम नसलं की आग नुसती धुमसत बसते आणि धुराड्यात डांबर साचतं. आणखी एक घर जोडलं तर नीट पेटेल. तुझे उपकारच होतील."

यात अगदीच खोटं काही नव्हतं. त्या मुलुखात बेताचा बंब घेतलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पुढेमागे लागेल म्हणून प्रत्येक जण एक माप मोठाच घेई. पण वैनोचे कान लाल झाले होते.

"म्हणजे तुझ्या बंबाची तब्येत बरी राहावी म्हणून मी माझं घर गरम करून घ्यायचं?"

"हो."

"बहिणीने पढवलंय तुला, मेव्हण्या."

"हो," वैनो म्हणाला.

अर्वो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने पावाचा एक तुकडा तोडला, खाल्ला, दुसरा तोडला. हिल्माचा जीव टांगणीला लागला होता. दादा एकदा नाही म्हणाला की नाहीच, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

"सकाळची लाकडं बंबात मी घालणार," तो शेवटी म्हणाला. "रोज. तुम्ही झोपून राहायचं."

"राहू की," हिल्मा म्हणाली. तिला उठून त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण तसं केलं असतं तर त्याने दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

तिघं खुंट्या आणि दोरी घेऊन बाहेर आले. सरोवराकडून बोचरा वारा सुटला होता. वैनोने अंदाज घेत स्वयंपाकघराच्या भिंतीशी खुंटी टेकवली. बंबाकडून येणारी सरळ रेघ तिथेच येत होती आणि पाइपही तेवढा कमी लागला असता.

"इथून आत घेऊ?"

अर्वोने खुंटी वैनोच्या हातातून घेतली, कोपऱ्यावरून वळला आणि घराच्या पार मागच्या बाजूला गेला. हातोड्याचे ठोके ऐकू आले. दोघं मागोमाग गेले तेव्हा तो निजायच्या खोलीच्या खिडकीखाली वाकून उभा होता.

"इथून घ्या," तो खुंटीकडे बघत म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात मी या खोलीत झोपूच शकलो नाही."

"सगळ्या घराला वळसा पडेल, अर्वो," वैनो म्हणाला.

"पडू दे," हिल्मा म्हणाली आणि दोरीचा गुंडा सोडवू लागली.