तोंड नसलेला पतंग

“आणि मंडळी, या पतंगाला तोंडच नाही!”

एवढं बोलून यशोधनने झांजा वाजवल्या आणि लॅपटॉपकडे पाहिलं. सिटीवेस्ट, मलिंगार, थेट नागपूरपर्यंतचे श्रोते आपापल्या चौकटीत स्तब्ध. वाक्य बरोबर बसलं होतं. त्याने मनातल्या मनात स्वतःलाच नमस्कार केला.

जानेवारीतला रविवार, सकाळची वेळ. लॉकडाउनमुळे आयर्लंड पुन्हा बंद. कीर्तन ऐकण्याचं वेड यशोधनला लहानपणापासून. टॅला या उपनगरातल्या घरात कोंडून पडल्यावर हा सॉफ्टवेअर इंजिनिअर स्वतःच बुवा होऊन उभा राहिला. वर अंगरखा, उपरणं. खाली, कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून, फ्लीसचा पायजमा. श्रोते मिळाले, वाहवा मिळाली. मिळत नव्हती ती एकच श्रोती: बायको. भार्गवी कोविड वॉर्डात नर्स. त्याचं एकही कीर्तन तिने धड ऐकलं नव्हतं. ऐकायला बसायची आणि नमनालाच घोरायची. म्हणून आज त्याने कीर्तन नेमकं तिची रात्रपाळी सुटायच्या वेळी ठेवलं होतं. दृष्टांतही नवा कोरा. दिव्यावर झेप घेणारा नेहमीचा पतंग त्याने गेले कित्येक रविवार इतका जाळला होता, की श्रोत्यांनाच चटके बसू लागले होते.

“जगाच्या पाठीवर फक्त न्यूझीलंडात सापडतो. हिरवागार, तळहाताएवढा. सुरवंट असताना पाच-पाच वर्षं झाडाच्या खोडात दडून राहतो. मग पंख फुटतात, बाहेर पडतो, आणि खायला तोंडच नाही! अन्न नको, पाणी नको. हाती उरलेले एक-दोन दिवस, तेही पुढच्या पिढीसाठी. याला म्हणतात वैराग्य!”

वैराग्यावर बोलायचं तर पोट जड नको, म्हणून त्याने सकाळी फक्त उपीट खाल्लं होतं. पातेलंभर.

बाहेरचं दार वाजलं. वॉशिंग मशीन सुरू झालं, मग शॉवर. यशोधनने आवाज चढवला, न्हाणीघरापर्यंत पोचावा म्हणून. थोड्या वेळाने ओल्या केसांनी भार्गवी दारात येऊन उभी राहिली. नाकावर, गालांवर मास्कचे वळ. त्याला भरून आलं. आली! ऐकायला आली! त्याने डोळे मिटले, हात उंचावले आणि टिपेचा सूर लावला.

“सांगा मंडळी, आहे का आपल्यात असा एक तरी जीव, ज्याने रात्रभर पाण्याचा थेंब न घेता दुसऱ्यासाठी देह झिजवला?”

“मी आहे की,” भार्गवी म्हणाली. “तो पीपीई सूट चढवला की पाणीसुद्धा पिता येत नाही. उपीट उरलंय का रे?”

माइक चालूच होता. मग नागपूरच्या चौकटीतून सासूबाई, स्नेहलताबाई, कडाडल्या, “जावईबापू, पाखराचं काय सांगून राहिले? पोरगी उपाशी उभी आहे ना तिकडे! कुकर लावा आधी!”

“जा बुवा, जा,” मलिंगारचा सारंग म्हणाला. “आम्ही आहोत ग्रँड, एकदम मजेत. तोवर भजन म्हणतो.”

यशोधन झांजा ठेवून कॅमेऱ्यासमोरूनच स्वयंपाकघराकडे पळाला. पायजम्यावर रेनडिअर होते, हे त्या दिवशी तीन देशांतल्या… निदान दोन देशांतल्या भाविकांना कळलं.

कुकर झाला. भार्गवीने मान वर न करता वरणभात खाल्ला. बाहेर लॅपटॉपमधून भजन चाललं होतं, प्रत्येक जण वेगळ्या तालात. यशोधन ओट्याला टेकून उभा होता. ताट सरकवून ती खुर्चीत मागे रेलली.

“हं, सांग आता तुझं ते पाखराचं. नाही झोपत. शपथ.”

या वाक्याची त्याने किती महिने वाट पाहिली होती! अख्खं निरूपण जिभेवर तयार होतं. त्याने घसा खाकरला.

“आधी तू सांग,” तो म्हणाला. “रात्री काय काय झालं?”

भार्गवीने त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग हळूहळू सांगू लागली. पहाटे एका आजीच्या कानाशी तिने फोन धरला होता. पलीकडून मुलगा प्रार्थना गात होता. मध्येच आजी गेल्या. मुलाला ते माहीत नव्हतं, तो गातच होता. प्रार्थना पुरी होईपर्यंत तिने फोन खाली घेतला नाही.

यशोधन समोरच्या खुर्चीत बसला आणि ऐकत राहिला. मध्ये एकही दृष्टांत न देता.