निम्मं दुखणं

हेमांगीला केमोचं सलाईन सुरू झालं, तसा कुंदाताईने शेजारच्या खुर्चीत बसून दंडाला पट्टा बांधला. त्याची वायर धाकट्या बहिणीच्या पट्ट्याला जोडलेली होती. आता दोघींचं जे काही दुखेल, ते निम्मं-निम्मं वाटलं जाणार होतं. एरवी हेमांगीचा नवरा बसायचा, पण मागच्या खेपेपासून त्याने अंथरूणच धरलं होतं.

“दे इकडे ती मळमळ,” ताई म्हणाली.

हेमांगीला खरंच हलकं वाटलं. मग डाव्या काखेत खोल कळ उठली. तिचा कॅन्सर उजव्या स्तनात होता. डावीकडे कधी काहीच नव्हतं.

“ताई, तुला हे कधीपासून दुखतंय?”

ताईने घाईघाईने पट्टा सोडला. सगळी मळमळ पुन्हा हेमांगीच्या घशाशी आली.

“आधी तुझं पार पडू दे गं,” ताई म्हणाली.